‘आता पाळी मुलांची’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

करोनाची दुसरी लाट ओसरत असताना, म्हणजे २०२१ च्या मे-जूनमध्ये, पुण्यातील सोसायट्यांच्या आणि शाळांच्या पालकगटांवर एक संदेश फिरू लागला. विषाणूच्या नव्या उपप्रकाराची बातमी आली की तो आजही थोड्याफार फरकाने पुढे ढकलला जातो. पहिल्या लाटेत आजी-आजोबा गेले, दुसऱ्या लाटेत कर्ती माणसे गेली, आता पाळी मुलांची; म्हणून मुलांना दवाखान्यात, अगदी नेहमीच्या लसीकरणालाही नेऊ नका, घरात औषधांचा साठा ठेवा, मास्कने प्राणवायू कमी होतो म्हणून तो लावू नका आणि मुलाला करोनाची लस मिळेपर्यंत शाळेचे नाव काढू नका, असा त्याचा सारांश आहे. पाठवणाऱ्यांची कळकळ खरी असते, पण या सूचना पाळल्या तर नुकसान मुलांचेच होते.

विषाणू वयोगटांची यादी हातात घेऊन क्रमाक्रमाने येतो, हा समज मुळातच निराधार आहे. दुसऱ्या लाटेत तरुण रुग्ण जास्त दिसले, कारण एकूण रुग्णसंख्याच अफाट होती. वाढत्या वयाबरोबर मृत्यूचा धोका वाढत जाण्याचे गणित मात्र तेव्हाही बदलले नव्हते. मुले तोवर विषाणूच्या तावडीतून सुटली होती, हेही खरे नाही. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) जून-जुलै २०२१ मध्ये केलेल्या देशव्यापी रक्तचाचणी पाहणीत सहा ते नऊ वयोगटातील ५७.२ टक्के, तर दहा ते सतरा वयोगटातील ६१.६ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) आढळली. या वयाला लस मिळाली नव्हती, तेव्हा ही प्रतिपिंडे संसर्गातूनच आलेली होती. याचा अर्थ, निम्म्याहून अधिक मुलांना लागण होऊन गेली होती आणि त्यांतल्या बहुसंख्य घरांना त्याचा पत्ताही लागला नव्हता.

पुणेकरांची भीती मात्र हवेतून आलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी याच शहरात झाला आणि ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या आणि दुकानांतून मास्क दिसेनासे झाले. पण फ्लू आणि करोना यांची चाल वेगळी आहे. २००९ च्या त्या विषाणूविरुद्ध बऱ्याच वृद्धांकडे जुन्या संसर्गांतून आलेले थोडेफार संरक्षण होते आणि मुलांकडे ते नव्हते, त्यामुळे तिथे लहान वय खरोखरच धोक्याचे ठरले. करोनात नेमके उलट दिसले. मुलांच्या नाकाच्या अस्तरात या विषाणूला चिकटण्यासाठी लागणारे ग्राही कमी असतात आणि त्यांच्या प्रतिकारशक्तीची पहिली फळी लवकर सावध होते, ही त्यामागची कारणे मानली जातात. एका साथीचा धडा दुसरीला लावताना इथेच गफलत झाली.

सरकारने बालरोगतज्ज्ञांचा कृती दल नेमला आणि मुलांसाठी खाटा राखल्या, त्या अर्थी काहीतरी असणारच, असा युक्तिवाद तेव्हा पुष्कळांनी केला. तयारी करणे आणि भाकीत करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तिसरी लाट प्रामुख्याने मुलांनाच गाठेल ही शक्यता फारच कमी आहे, असे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने त्याच मे महिन्यात स्पष्ट केले होते. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली ती सगळ्यांनाच घेऊन आली.

सर्वाधिक नुकसान केले ते लसीकरण टाळण्याच्या सल्ल्याने. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरील (डीपीटी) लसीची तिसरी मात्रा घेतलेल्या भारतीय बालकांचे प्रमाण २०१९ मधील ९१ टक्क्यांवरून २०२० मध्ये ८५ टक्क्यांवर आले. त्या काळात जन्मलेल्या मुलाचे लसीकरण कार्ड काढून पाहावे : जन्मावेळच्या बीसीजी-पोलिओसमोर तारीख आणि सही असते, तर नवव्या महिन्याच्या किंवा सोळाव्या महिन्यानंतरच्या गोवर-रुबेलाच्या चौकटी कधी कधी कोऱ्याच राहिलेल्या असतात. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसह अनेक वस्त्यांत आणि मालेगाव, भिवंडी येथे गोवराचा उद्रेक होऊन बालके दगावली. कुपोषण आणि दाटीवाटी ही कारणे होतीच, पण लसीच्या राहून गेलेल्या मात्राही होत्या.

औषधांच्या साठ्याबद्दल बोलायचे तर, सौम्य करोनात मुलांना स्टेरॉइड देऊ नये आणि रेमडेसिविर हे विषाणूविरोधी औषध देऊ नये, असे केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने जून २०२१ मध्येच सांगितले होते. घरी ठेवायचे ते पॅरासिटामॉल, तेही वजनानुसार मात्रा विचारून. बाळाच्या इवल्याशा, हलत्या बोटाला ऑक्सिमीटर लावून रात्रभर आकडे बघत बसण्यापेक्षा बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजणे अधिक उपयोगाचे आहे. दोन महिन्यांपर्यंत ६०, वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास भरले, किंवा आपल्याकडे आया म्हणतात तसे ‘पोट उडत’ असले, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा ताप, पुरळ, लाल डोळे आणि पोटदुखी अशी लक्षणे एकत्र दिसली, तर तो मुलांमधील दुर्मीळ पण गंभीर दाह (अवयवांना येणारी सूज) असू शकतो. मुलांच्या काळजीने लिहिलेल्या त्या संदेशात याचा उल्लेखही नाही, याचे नवल वाटते.

मास्कचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. कापडातून प्राणवायू सहज आत-बाहेर होतो, आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क लावण्याची शिफारस मुळात नव्हतीच.

राहता राहिली शाळा. पंधरा ते अठरा वयोगटाची लस ३ जानेवारी २०२२ ला आणि बारा ते चौदाची १६ मार्च २०२२ ला सुरू झाली. त्याहून लहान मुलांसाठी देशात सार्वत्रिक मोहीम कधीच निघाली नाही. तरीही शाळा सुरू झाल्या आणि आजतागायत भरत आहेत. संदेशाचे ऐकले असते तर पहिलीतली मुले अजून घरातच बसली असती.

ज्यांच्या कार्डावर चौकटी कोऱ्या आहेत, त्यांच्यासाठी एवढे सांगणे आवश्यक आहे : गोवर-रुबेलाची राहिलेली मात्रा पाच वर्षांपर्यंत आणि डीपीटीची सात वर्षांपर्यंत सरकारी कार्यक्रमात मोफत मिळते. कार्ड हरवले असले तरी मुलाला घेऊन जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात जावे आणि पूर्वी कोणत्या लसी दिल्या होत्या ते आठवेल तेवढे तेथील सिस्टरांना सांगावे.