ट्रूब्रिज पळाला की शहाणपणा केला? कट्ट्यावरचं भांडण

सुरुवात पक्याने केली. म्हणे नेल्सनच्या, म्हणजे ब्रिटिश नेव्हीत शेपूट घालणारा ॲडमिरल एकच, अर्नेस्ट ट्रूब्रिज. झालं, बापूंनी चहा खाली ठेवला. बापू आयुष्यभर मर्चंट नेव्हीत इंजिन रूममध्ये, त्यांच्यासमोर जहाजांबद्दल काही बोलायचं म्हणजे जपूनच बोलावं लागतं, पण पक्याला कोण सांगणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑगस्ट १९१४, युद्ध नुकतं सुरू झालेलं, भूमध्य समुद्रात जर्मनांची दोनच जहाजं, मोठी बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांची वेगवान युद्धनौका) गोबेन आणि बरोबर छोटी ब्रेस्लाउ. ४ तारखेला त्यांनी अल्जीरियातली दोन फ्रेंच बंदरं ठोकली, इटलीतल्या मेसिना बंदरात जाऊन कोळसा भरला आणि ६ ला संध्याकाळी निघाली. ब्रिटिशांचा मुख्य माणूस ॲडमिरल मिल्न, त्याच्याकडे तीन बॅटलक्रूझर, पण हा बाबा पश्चिमेकडचंच दार राखत बसलेला, कारण गोबेन फ्रेंच सैन्याची जहाजं बुडवायला तिकडेच येणार असं त्याने धरलेलं. गोबेन गेली पूर्वेला. तिकडे होता ट्रूब्रिज, डिफेन्स, वॉरियर, ब्लॅक प्रिन्स आणि ड्यूक ऑफ एडिंबरा या चार आर्मर्ड क्रूझर (चिलखती, पण बॅटलक्रूझरपेक्षा कमजोर) घेऊन. रात्री तो अडवायला निघालासुद्धा आणि पहाटे चारच्या सुमारास वळला. गोबेन १० तारखेला डार्डनेल्समध्ये, म्हणजे तुर्कांच्या सामुद्रधुनीत.

पक्याचं गणित सोपं, चार विरुद्ध एक, ९.२ इंचीच्या २२ तोफा, शिवाय डिस्ट्रॉयर, अजून काय पाहिजे? आणि एकट्या ग्लॉस्टरने, म्हणजे त्या मानाने चिमुकल्या क्रूझरने, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाठलाग केला, वर ब्रेस्लाउवर तोफा पण डागल्या! तिच्या कॅप्टनला, हॉवर्ड केलीला, भीती नाही वाटली ती?

बापू म्हणाले, ग्लॉस्टरला मागे राहून नजर ठेवायची होती, बुडवायचं नव्हतं. गोबेनकडे ११ इंची दहा तोफा, चिलखत जाड, आणि ब्रिटिश तिचा स्पीड २७ नॉट धरून चाललेले. दिवसा उजेडी मोकळ्या समुद्रात ती आपल्याला पाहिजे त्या अंतरावर राहणार आणि तिथून एकेकाला फोडणार. ट्रूब्रिजचा प्लॅन अंधुक उजेडात जवळून गाठायचा होता, पण सूर्य उगवायच्या आत पोचत नाही हे कळलं तेव्हा वळला. आणि नौदलमंत्री चर्चिलची ऑर्डर होती ना, वरचढ फौजेशी फ्रेंचांच्या मदतीशिवाय लढू नका म्हणून.

'ती ऑर्डर ऑस्ट्रियाच्या आरमाराबद्दल होती हो बापू, एका जहाजाबद्दल नाही.'

'मग तसं लिहायचं होतं. लंडनमध्ये बसून तारा करायच्या आणि वाचणाऱ्याने मनातलं ओळखायचं?'

इथे मी बापूंच्या बाजूने. खरंतर गोबेनचे बॉयलर तेव्हा पार गेलेले, ट्यूब फुटत होत्या, वाफेने भाजून स्टोकर (कोळसा टाकणारे) मेले, २७ नॉट तिला झेपतच नव्हते. पण हे नंतर बाहेर आलं, ट्रूब्रिजला त्या रात्री कसं कळणार.

माझं भांडण वेगळं आहे. निघायचंच नव्हतं तर निघू नको ना. ट्रूब्रिजने आधी ठरवलं की लढायचं, मग त्याचा फ्लॅग कॅप्टन (ॲडमिरलच्या स्वतःच्या जहाजाचा कॅप्टन) फॉसेट रे, तोफांमधला तज्ज्ञ माणूस, रात्री येऊन सांगतो की ही आत्महत्या आहे, आणि हा रडवेला होऊन मागे फिरतो. त्याच रेने नंतर म्हटलं की तुम्ही आयुष्यातलं सगळ्यात धाडसाचं काम केलंत, आणि ट्रूब्रिजला स्वतःलाच ते पटलं नाही. माणूस भेकड नव्हताच, पण मन घट्ट नव्हतं. पणजोबा नेल्सनचा जवळचा मित्र, ते ओझं पण असणारच.

एवढा वेळ गप्प बसलेले सर मग बोलले. 'तुमच्यासारख्या पळपुटा म्हणणाऱ्यांनीच क्रॅडॉकला मारला.' पक्या गोंधळला. क्रॅडॉक म्हणजे दुसरा ब्रिटिश ॲडमिरल, दक्षिण अमेरिकेजवळ होता, ट्रूब्रिजचं काय चाललंय हे त्याला माहीत होतं आणि तसं आपलं होऊ देणार नाही असं त्याने लिहिलेलं. १ नोव्हेंबरला चिलीच्या किनाऱ्याजवळ, कोरोनेलला, जुनाट जहाजं घेऊन तो जर्मन ॲडमिरल फॉन श्पेच्या अंगावर गेला. गुड होप आणि मॉनमथ दोन्ही बुडाल्या, सुमारे १६०० माणसं, एकही वाचला नाही. ती बातमी लंडनला ४ ला पोचली आणि ५ पासून ट्रूब्रिजचं कोर्टमार्शल. निर्दोष सुटला.

बापूंनी त्यावर जटलंड काढलं, ब्रिटिश आणि जर्मन आरमारांची मोठी लढाई. मे १९१६ ला ट्रूब्रिजच्या त्याच चारपैकी तीन क्रूझर संपल्या, डिफेन्स तर सगळ्या माणसांसकट उडाली. 'हे बघ मोठ्या तोफांसमोर काय होतं.' पक्या पण हुशार, म्हणाला तिथे अख्खा जर्मन बॅटल फ्लीट होता, एक गोबेन नव्हती. मुद्दा बरोबर आहे, बापूंना उत्तर सुचलं नाही, मलाही नाही.

सरांचं म्हणणं एवढ्यावर थांबत नव्हतं. गोबेन तुर्कांच्या ताफ्यात गेली, ऑक्टोबर अखेरीस रशियाच्या बंदरांवर तोफा डागल्या आणि तुर्कस्तान युद्धात ओढला गेला, तिथून मेसोपोटेमिया (आजचा इराक), तिथून कुट, आणि कुटच्या वेढ्यात मराठा पलटणींची आपली पोरं उपाशी. हे सगळं एका रात्रीच्या वळण्यामुळे? मला जरा जास्त वाटतं, जर्मनीशी तुर्कांचा गुप्त तह २ ऑगस्टलाच झालेला. पण गोबेन नसती तर त्यांना एवढा जोर आला असता का, हे सरांचं आर्ग्युमेंट खोडता येत नाही.

मिल्नला मात्र कोणीच शिव्या घातल्या नाहीत याचं मला आश्चर्य वाटलं. मेसिनाच्या दक्षिण तोंडाला एकटी ग्लॉस्टर ठेवणारा तो, आणि ॲडमिरल्टीने, म्हणजे नौदलाच्या मुख्यालयाने, त्याला जाहीर क्लीन चिट दिली. त्याला पुढे समुद्रावर काम दिलं नाही ते सोडा. ट्रूब्रिजलाही समुद्र परत मिळाला नाही, पण जानेवारी १९१५ मध्ये सर्बियाला पाठवला, बेलग्रेडला डॅन्यूब नदीवर तोफा आणि सुरुंग लावायला. त्या वर्षाअखेर सर्बियन सैन्याने बर्फातून डोंगर ओलांडून माघार घेतली, त्यात तो होता, अल्बेनियाच्या किनाऱ्यावर निर्वासितांना जहाजात चढवायचं काम केलं.

पक्या म्हणाला, 'म्हणजे तिथेपण माघारच.' यावर बापू जे चिडलेत ते अजून बोलत नाहीत त्याच्याशी.