‘पाण्यातल्या सापाला विष नसतं’ हा मेसेज पुढे ढकलू नका

सुट्ट्या लागल्या की हा मेसेज ग्रुपांवर फिरायला लागतो: ‘कोकणात जाताय? समुद्रात साप दिसला तर घाबरू नका. पाण्यातल्या सापाला विष नसतं. असलं तरी तोंड एवढंसं, माणसाला चावताच येत नाही. पाण्याबाहेर काढला की गुदमरून मरतो. चावलाच, तर सरकारी दवाखान्यात सापाची लस असतेच.’ चार विधानं आहेत आणि चारही चुकीची. त्यांच्यावर भरवसा ठेवून ज्याचा जीव जाऊ शकतो, तो बहुतेक वेळा पर्यटक नसतो. जाळ्यातून हाताने मासळी निवडणारा खलाशी असतो.

पहिलं विधान विहिरीवरून आणि भातखाचरावरून आलंय. तिथली पाणदिवड बिनविषारी, हे खरं. पण समुद्रसाप नाग आणि मण्यार यांच्याच कुळातले. मालवणच्या बाजूला जाळ्यात मुख्यतः दोन जाती येतात. त्यातल्या एकीचा वरचा जबडा चोचीसारखा खाली वळलेला असतो. दोन्ही विषारी आहेत. ओळख सोपी: शेपूट वल्ह्यासारखी चपटी, अंगावर खवले, कल्ल्यांची फट नाही आणि पर नाहीत. फट आणि लांबलचक पर दिसले तर ती वाम, म्हणजे सापासारखा दिसणारा मासा. वामेचे व्हिडिओही ‘समुद्रसाप’ म्हणून फिरतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

आता ते ‘एवढंसं तोंड’. हा चोचवाला साप शिंगाळा खातो. शिंगाळ्याचा काटा बोटात घुसला की काय होतं ते कोळ्यांना विचारा. तो काटेरी मासा हा साप अख्खा गिळतो. त्याला माणसाचं बोट किंवा पोटरी जड जायचं कारण नाही. दात मात्र खरोखर आखूड, जेमतेम काही मिलिमीटरचे. म्हणून दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही आणि माणूस काम चालूच ठेवतो. मलेशियातल्या पेनांगमध्ये डॉ. अलिस्टेअर रीड यांनी १९५०च्या दशकापासून तिथल्या कोळ्यांना झालेल्या दंशांचा अभ्यास केला. बऱ्याच दंशांत विष फारसं उतरतच नाही, असं त्यांना दिसलं. ‘मला चावला होता, काही झालं नाही’ हे सांगणारे खोटं बोलत नाहीत. त्यांच्या वाट्याला विष आलं नव्हतं, एवढंच.

विष उतरलं तर अर्ध्या तासापासून काही तासांत अंग ठणकायला लागतं. मान, पाठ, मांड्या ताठरतात, हलवलं तरी कळ येते. जबडा उघडत नाही. पापण्या जड होतात. स्नायू फुटून त्यातला रंग मूत्रात उतरतो आणि लघवी काळपट तपकिरी होते; तिथून मूत्रपिंडांवर भार येतो. श्वासाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटर लागतो.

गुदमरण्याचं विधान तर उलटंच आहे. समुद्रसापाला फुप्फुस असतं, श्वासासाठी त्याला पृष्ठभागावर यावंच लागतं. तासन्‌तास ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात तो पाण्याखालीच बुडून मरतो. वाळूवर त्याला नीट सरपटता येत नाही, म्हणून निपचित दिसतो. निपचित म्हणजे मेलेला नव्हे.

सगळ्यात घातक विधान लसीचं. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनते. समुद्रसापावर तिचा भरवसा धरता येत नाही. त्याच्यासाठीची वेगळी लस ऑस्ट्रेलियात बनते. तरीही दवाखाना गाठायचाच, आणि तोही व्हेंटिलेटर व डायलिसिसची सोय असलेला, कारण वेळेवर मिळालेल्या या आधारानेच माणूस तरतो. चावलेला हात-पाय हलवू नका, आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. डॉक्टरांना ‘साप समुद्रातला होता’ हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि लघवीचा रंग बदलला तर तेही सांगा.

हे वाचून कुणी दिसेल तो साप ठेचू नये. समुद्रसापांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि पाण्यात पोहणाऱ्या माणसाच्या मागे ते सहसा लागत नाहीत. दंश होतो तो बहुधा जाळ्यात अडकलेल्या, हाताळलेल्या किंवा पायाखाली आलेल्या सापाचा. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढून झाली की पर्यटक जाळ्याभोवती गर्दी करतात, पोरं मासळीत हात घालतात. तिथे साप दिसला तर हात मागे घ्या आणि रापणकरांना हाक मारा. त्यांनीही तो हाताने न उचलता लांब काठीने पाण्यात सोडावा.