आत्यानं धारप वाचलेले नाहीत

गेला महिनाभर इंदूरच्या आमच्या मराठी गटांमध्ये एक मजकूर फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला आणि तिघांनीही खाली 'अगदी खरं' असं जोडलं होतं. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: भयपट हा वाचणाऱ्यांचा प्रांत आहे. प्रत्येक चांगल्या भयपटामागे एखादं पुस्तक असतं, ते ठाऊक नसेल तर अर्धा चित्रपट डोक्यावरून जातो. न वाचणाऱ्याला नुसतं दचकता येतं, भय कळत नाही. आपल्या शास्त्रानंही रस सहृदयालाच, म्हणजे जाणत्या रसिकालाच, मिळतो असं सांगून ठेवलंय. स्वस्तातले हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंचं फावलं ते अडाणी प्रेक्षकांमुळे. शेवटी वीस पुस्तकांची यादी आणि सल्ला: आधी ही वाचा, मग 'तुंबाड' पाहा.

खरं तर हा मजकूर माझ्याच बाजूचा आहे. खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात भयकथाकार नारायण धारपांचं एखादं पुस्तक हाताला लागलं, तर त्या दिवशी मी घरी उशिरा पोचतो. तरीही हे म्हणणं मला पटत नाही. हुकमाचं पान म्हणून त्यांनी 'तुंबाड' टाकलाय, तर तिथूनच सुरुवात करतो.

१३ सप्टेंबर २०२४ ला 'तुंबाड' पुन्हा लागला. २०१८ मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा कमावलं नव्हतं तेवढं त्यानं या दुसऱ्या खेपेला कमावलं. गणपतीचे दिवस होते, शहरात झांक्यांची, म्हणजे चित्ररथांची, तयारी चाललेली. आम्ही तिघं गेलो: मी, रामबागेतली आत्या आणि बहिणीचा मुलगा. आत्यानं जन्मात पोथ्या आणि दिवाळी अंकातली भविष्यं सोडून काही वाचलेलं नाही. भाचा घरी मराठी बोलतो, पण शाळा पहिल्यापासून हिंदी-इंग्रजी. त्यानं मराठी पुस्तक कधी उघडलेलं नाही. त्या मजकुराच्या हिशेबानं दोघांचीही तिकिटं वाया गेली.

चित्रपटाचा नायक विनायक विहिरीत उतरतो, जमिनीवर पिठाचं रिंगण आखतो आणि कणकेची बाहुली बाहेर काढतो. आत्यानं माझं मनगट धरलं. तिची बोटं रुतल्याचे वळ मध्यंतरापर्यंत होते. घरी येताना गाडीत म्हणाली, "अरे, माणूस सापडलंच नाही की दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात ना, तसं वाटलं रे मला ते. जिवंत माणसाच्या हातात तसलं काही बघवत नाही." भाचा मागून म्हणाला, "मामा, मला पुतळ्याचं काही ठाऊक नव्हतं. तो पिठाचा गोल कशाला काढतोय तेसुद्धा कळलं नव्हतं. पण गोलाच्या बाहेर काहीतरी आहे एवढं कळलं, तेव्हाच हात गार पडले."

आणि मी, वाचलेला माणूस, त्या वेळी काय करत होतो? वंशावळ जुळवत होतो. लहान मुलगा, घरात तो आणि म्हातारी एवढेच: ही धारपांची 'आजी'. ती बेतलेली अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंगच्या १९८४ च्या 'ग्रॅमा' या कथेवर. किंगच्या त्या कथेत 'हास्टर' हे नाव येतं, म्हणजे 'तुंबाड'च्या विहिरीतला शापित देव, आपला हस्तर, तिकडून आला असणार. किंगकडे ते लव्हक्राफ्ट या जुन्या भयकथाकाराच्या पंथातून आलं. त्याच्याही आधी चेंबर्स या लेखकाच्या १८९५ च्या पुस्तकात ते कुठे जागेचं नाव आहे, कुठे माणसाचं. आणि सगळ्यात आधी अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाच्या एका छोट्या कथेत हास्टर हा मेंढपाळांचा देव आहे, चांगला, शांत, रोज सकाळी ज्याला हात जोडावेत असा. म्हणजे पार तळापर्यंत वाचून आलेल्या प्रेक्षकानं हस्तर दिसताच भिण्याऐवजी नमस्कार करायला हवा! हे सगळं मी भाच्याच्या कानात सांगायला लागलो, तर तो म्हणाला, "मामा, तुम्ही चुप बसा ना." त्याचंच बरोबर होतं. त्या पाच मिनिटांत आत्या घाबरली, भाचा घाबरला, मी तेवढा कोरडा राहिलो.

यादीत श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत'ही आहे. कादंबरी थोरच आहे, वाचाच. पण तिच्यात हस्तर नाही, विहीर नाही, कणकेची बाहुली नाही. चित्रपटानं तिच्याकडून फक्त नाव घेतलंय. ती वाचून चित्रपटाला गेलेला माणूस बराच वेळ खोतांची वाट बघत बसेल.

आता पुस्तकाशिवाय अर्धा चित्रपट जातो, हा मुद्दा. मेरी शेलीच्या १८१८ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधला तो जीव मिल्टनचं महाकाव्य वाचतो आणि आपल्या निर्मात्याशी वकिलासारखा वाद घालतो. १९३१ च्या चित्रपटातल्या बोरिस कार्लोफला शब्दच नाहीत, नुसतं गुरगुरणं आणि दोन हात पुढे करणं. कादंबरी पाठ असलेल्याला तिथे अर्धं गायब दिसेल. न वाचलेल्याला ते हात दिसतात, आणि ते पुरतात. 'द शायनिंग'चं उदाहरण तर याहून बोलकं. त्या कादंबरीचं सगळ्यात पक्कं ज्ञान कोणाला? स्टीफन किंगलाच, १९७७ मध्ये लिहिली त्यानं. दिग्दर्शक कुब्रिकनं १९८० मध्ये केलेला चित्रपट याच किंगला आवडला नाही. १९९७ मध्ये त्यानं स्वतः पटकथा लिहून टीव्हीसाठी आपल्या मनासारखी मालिका करवून घेतली. लोकांच्या डोळ्यांपुढे आजही येतो तो कुब्रिकचाच लांब गालिचा आणि तीनचाकीवरचा मुलगा. आणि १९७८ चा 'हॅलोवीन'? त्याच्यामागे पुस्तकच नाही. यादीवाल्यांनी त्याचं काय करायचं?

दचकणं आणि भय वेगळं, हे मात्र मान्य. मांजर अंगावर उडी मारतं ते दचकणं. पण दचक्याच्या पुढे न्यायला वाचन लागतं, हे कुठून काढलं? दिग्दर्शक हिचकॉकनं हा फरक टेबलाखालच्या बॉम्बवरून समजावला होता. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर स्फोटाचे पंधरा सेकंद मिळतात. ठाऊक असेल आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारत असतील, तर पंधरा मिनिटं घाम फुटतो. ही माहिती प्रेक्षकाला चित्रपटच देतो, ती घरून वाचून आणावी लागत नाही. 'सायको'मधल्या न्हाणीघराच्या प्रसंगाला हिचकॉकला संगीतच नको होतं. बर्नार्ड हर्मननं नुसत्या तंतुवाद्यांची ती किंचाळी रचली, ती ऐकून त्यानं मत बदललं. खोटं वाटत असेल तर तो प्रसंग आवाज बंद करून पाहा. मी पाहिला. सुरी दिसते, पडदा दिसतो, पाणी वाहताना दिसतं आणि आपण शांतपणे चहा पिऊ शकतो. भय कानात होतं. कानाला कुठली यादी द्यायची?

शास्त्राचा मुद्दा जरा जड आहे, आणि तिथे त्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. नाट्यशास्त्रावर भाष्य लिहिणाऱ्या अभिनवगुप्तानं सहृदयाची व्याख्या करताना काव्याच्या अभ्यासानं मनाचा आरसा लख्ख होतो असं म्हटलंय, हे खरं. पण ते काव्याबद्दल. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात देव ब्रह्मदेवाकडे काय मागतात? एक खेळणं, डोळ्यांनी पाहता येईल आणि कानांनी ऐकता येईल असं. ज्यांना वेद ऐकायचीही बंदी होती त्यांच्यासकट सगळ्या वर्णांचा पाचवा वेद म्हणून नाट्य आलं. चित्रपट कोणाच्या घरातला, काव्याच्या की नाट्याच्या? शिवाय भयानक रसासाठी अभिनवगुप्तानं उदाहरण दिलंय ते शाकुंतलातल्या हरणाचं. दुष्यंताच्या बाणाच्या भीतीनं मान वळवून मागे पाहत पळणारं, अर्धवट चावलेलं गवत तोंडातून सांडणारं. ते हरीण काही शाकुंतल वाचून पळत नव्हतं.

रामसे बंधूंबद्दल थोडक्यात. १९८४ मध्ये 'पुराना मंदिर' लागला तेव्हा घरच्यांनी मला पाठवलं नाही. थोरला भाऊ पाहून आला आणि पुढचे आठ दिवस रात्री मागच्या अंगणात जाताना मला उठवून सोबत न्यायचा. तो त्या वर्षी कॉलेजात मराठी साहित्य शिकत होता, हे त्या मजकूरवाल्यांना कोणीतरी कळवा. रामशांच्या चित्रपटांत रबरी मुखवटे आणि मधेच चिकटवलेला विनोद असायचा, कारण पैसा कमी आणि घाई फार. सात भाऊ, कोणी दिग्दर्शनाला, कोणी कॅमेऱ्याला, कोणी आवाजाला, असा घरगुती कारखाना होता तो. प्रेक्षकांच्या वाचनाचा त्यात काय संबंध? १९६२ मध्ये 'बीस साल बाद' तुफान चालला, तो कॉनन डॉइलच्या बास्करव्हिलच्या कुत्र्यावर बेतलेला होता हे टॉकीजमधल्या किती जणांना ठाऊक असेल? आत्याला अजूनही ठाऊक नाही. 'कहीं दीप जले कहीं दिल' लागलं की मात्र ती आजही रेडिओ बंद करायला सांगते.

उरला सल्ला, आधी वाचा मग पाहा. आमच्या घरी उलटं झालं. 'तुंबाड' पाहून आल्यावर भाच्यानं विचारलं, ती आजीची गोष्ट आहे का तुमच्याकडे? अक्षरं त्याला येतात, देवनागरीच ती, पण शब्दांना अडतो. म्हणून रविवारी दुपारी मी वाचतो आणि तो ऐकतो. 'आजी' संपली, आता धारपांच्या दुसऱ्या कथा चालू आहेत. परवा एका कथेत त्यानं मला थांबवलं.

"माजघर म्हणजे?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण आत्या भाजी निवडत बसली होती, ती मधेच म्हणाली, "अरे, त्या सिनेमात नव्हतं का, म्हातारीला कोंडलेलं घर? तसल्या घरातली मधली अंधारी खोली."

"अच्छा, ती," तो म्हणाला आणि पाय वर घेऊन बसला. "वाचा पुढे. पण आधी तो दिवा लावा."