प्लग असलेली वस्तू जपानहून आणू नका

आज सकाळी एका मित्राने मेलेला ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, आणून टेबलावर ठेवला. टोकियोच्या आकिहाबारा बाजारातून घेतलेला, पंधराएक किलोचा, स्वेटरांत गुंडाळून बॅगेतून आणलेला. घरी येऊन पिन-कन्व्हर्टर लावलं, बटण दाबलं, फट् झालं आणि खोलीभर जळका वास. समोर त्याचे बाबा खुर्ची ओढून बसले होते. त्यांच्यासाठीच आणला होता.

मित्रावर राग नाही. "पिन बदलली की झालं" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर आहे. पिन बदलून व्होल्टेज बदलत नाही! जपानमध्ये १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. ट्रान्सफॉर्मरवर दुपटीहून जास्त दाब आला की त्याचा गाभा सॅच्युरेट होतो आणि करंट बेसुमार वाढतो. नशीब असेल तर फक्त फ्यूज उडतो. नाहीतर ५० व्होल्टच्या कपॅसिटरवर ऐंशी व्होल्ट जातात आणि ते फुटतात. या ॲम्पचा फ्यूजही गेलाय, दोन कपॅसिटरही.

"मग स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावू" म्हणाल. बाजारात सहज मिळतो तो ११० चा. १०० च्या ॲम्पला तो कायमच दहा टक्के जास्त, आणि रात्री लाइन २४५ वर चढली की ११७. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, पण १०० चाच मागा. ॲम्पच्या मागच्या पाटीवर जितके वॅट, त्याच्या दुप्पट व्हीए (ट्रान्सफॉर्मरची क्षमता) हवेत. २०० वॅटला ४०० ते ५००. तो ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, म्हणून टर्नटेबलच्या कार्ट्रिजपासून, म्हणजे सुई बसवलेल्या डबीपासून, लांब ठेवायचा. हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके प्रवासी कन्व्हर्टर तर लावूच नका, ते वीज कापून देतात.

हो, मागे व्होल्टेज सिलेक्टर असलेले एक्स्पोर्टचे जुने ॲम्प असतात. २२० किंवा २४० स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंत तर घ्या.

टर्नटेबलची, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राची, गोष्ट आणखी फसवी. विजेची फ्रिक्वेन्सी टोकियोत ५० हर्ट्झ, ओसाकात ६०, आपल्याकडे ५०. बेल्टच्या जुन्या यंत्रात एसी सिंक्रोनस मोटर असेल तर तिचा वेग हर्ट्झवर ठरतो. ओसाकाची पुली तशीच ठेवून इथे लावलीत तर ३३ च्या जागी जेमतेम २८ फेरे. काळी पाचच्या पट्टीत गाणारी बाई पांढरी पाचच्या पट्टीला उतरते! ट्रान्सफॉर्मरने हर्ट्झ बदलत नाहीत, ५० ची पुलीच लागते. क्वार्ट्झ लॉकच्या डायरेक्ट ड्राइव्हला (बेल्टशिवाय थेट मोटरवर फिरणाऱ्या यंत्राला), म्हणजे टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ वगैरेंना, ही अडचण नाही, एवढं मान्य. पण १०० व्होल्टचा प्रश्न तिथेही उरतोच, आणि वजन अकरा किलो. ट्यूनर तर बघूही नका. तिथलं एफएम ७६ ते ९५, आपलं १०८ पर्यंत. ९५ च्या पुढची स्टेशनं लागणारच नाहीत.

तरी कोणी टर्नटेबल आणणारच असेल तर निदान नीट बांधा. प्लॅटर, म्हणजे फिरणारी थाळी, काढून वेगळा गुंडाळा, तो जागेवर राहिला तर धक्क्याने बेअरिंग खराब होतं. टोनआर्मचं, म्हणजे सुईच्या दांड्याचं, मागचं वजन (काउंटरवेट) आणि पुढचं टोक (हेडशेल) काढा, टोनआर्म मऊ पट्टीने बांधा, झाकण वेगळं ठेवा. इतकं सांगूनही लोक सुई लावलेली ठेवून बॅग चेक-इन करतात, आणि मग विमान कंपनीला शिव्या देतात.

भिंतीतल्या प्लगला लावायचं नाही ते मात्र मनसोक्त आणा! डेनॉन डीएल-१०३ घ्या. एनएचके या तिथल्या आकाशवाणीसाठी घडवलेलं कार्ट्रिज आहे, वजन ८.५ ग्रॅम, म्हणजे हातातल्या पिशवीतून येतं. फक्त हे मूव्हिंग कॉइल (एमसी) आहे, आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट. तुमच्या ॲम्पच्या फोनोला, म्हणजे टर्नटेबल जोडायच्या जागेला, एमसी इनपुट नसेल तर सिग्नल वाढवणारा स्टेप-अप लागेल. ट्रॅकिंग फोर्स, म्हणजे रेकॉर्डवरचा सुईचा दाब, २.५ ग्रॅम, हलक्या टोनआर्मवर ते नीट बसत नाही. जुनी वापरलेली सुई कुठेही घेऊ नका, किती घासलीय ते दुकानात कळत नाही.

आणि रेकॉर्ड. टोकियोत शिंजुकु, ओचानोमिझु इथल्या डिस्क युनियनच्या दुकानांमध्ये अर्धा दिवस हाती ठेवून जा. कव्हरवरची कागदी पट्टी, ओबी, शाबूत असेल तर किंमत वाढते; फक्त ऐकायचंय तर बिनओबीची घ्या. दिव्याखाली तिरकी धरून चरे पाहा, कडेने धरून वाक पाहा. जपानी प्रेसिंगची, म्हणजे तिथे छापलेल्या रेकॉर्डची, पृष्ठभागाची शांतता खरी आहे. मात्र अनेकदा ती मूळ टेपऐवजी तिच्या प्रतीवरून कापलेली असतात, हेही खरं. ‘जंक’ लिहिलेल्या पेटीतला माल परत घेत नाहीत.

घेतल्यावर तबकडी आतल्या पिशवीसकट कव्हरबाहेर काढा आणि कव्हरच्या मागे ठेवा, मग दोन्ही बाहेरच्या प्लास्टिकमध्ये घाला. आत ठेवलीत तर धक्क्याने कव्हरची शिवण फाटते. एक एलपी कव्हरसकट पाव किलो धरा, वीस झाल्या की पाच किलो. केबिन बॅगेत उभ्या, दोन्ही बाजूंना पुठ्ठा. बिलं जपा, आणि कस्टमची मर्यादा ओलांडली असेल तर सरळ सांगून भरा.

मित्राने हे सगळं बरोबर केलं होतं. बारा रेकॉर्ड, एकही शिवण फाटलेली नाही. बाबांनी एकेक कव्हर हातात घेऊन पाहिलं आणि परत नीट ठेवलं, म्हणाला. ते ऐकून माझा सकाळचा पारा उतरला.

ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर उद्या काढून पाहते. प्रायमरी, म्हणजे विजेकडची गुंडाळी, जळली असेल तर ती २३० ची बांधून घेता येते, कपॅसिटर बदलता येतात. आउटपुट ट्रान्झिस्टर वाचलेत का, ते मीटर लावल्यावर कळेल. तोवर इथलाच एक जुना २३० चा ॲम्प त्यांच्या घरी पाठवलाय.