मणक्यात गॅप आलीय म्हणे!

आज सकाळी एक काकू आल्या. वय ५८. साडीवरून कमरेला पट्टा, हातात एमआरआयची पिशवी, आणि खुर्चीत टेकायच्या आधीच, “माझ्या मणक्यात गॅप आलीय. वाकायला बंदी आहे.” दोन वर्षं वाकल्या नाहीत. दीड वर्षाच्या नातवाला अजून एकदाही उचललेलं नाही!

कोण सांगतं हो हे असलं? डिस्क म्हणजे दोन मणक्यांमधली गादी. ती झिजली की मणक्यांमधली गॅप कमी होते, वाढत नाही. रिपोर्टात होतं काय, तर एल-४ एल-५ डिस्क बल्ज, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी जराशी बाहेर फुगलेली. कंबर न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या माणसांचा स्कॅन काढलात तरी साधारण ६० टक्के जणांत बल्ज सापडतो. डोळ्यांना चाळिशी लागते, तसंच हे. पण “तुमचा मणका खराब” हे शब्द माणसाच्या डोक्यात जाऊन बसतात आणि तिथून हलत नाहीत.

पट्ट्याने बरं वाटतं, मान्य. ताजी उसण भरली असेल तर दोन-चार दिवस बांधा. दोन वर्षं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनीही जुनाट कंबरदुखीसाठी पट्टा आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) नेहमीच्या उपचारांतून बाद केलेत. आपल्याकडे अजून वजनं टांगणं चालूच आहे.

तीन महिन्यांवर रेंगाळलेल्या दुखण्यात बहुतेकदा आत नवीन काही मोडत नसतं. नसा हळव्या झालेल्या असतात, जरा हललं तरी बोंब मारतात. त्यांना हळूहळू सवय लावावी लागते. काकूंना सांगितलं ते असं : सपाट रस्त्यावर दिवसातून दोनदा १० मिनिटं चाला, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर उचला, ५ सेकंद धरा, ८ वेळा. मग रांगत्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय लांब करा, ८ सेकंद, नंतर उलट बाजू. इथे सगळे चुकतात. पाय छताकडे नेतात, कंबर खाली झुकते आणि दुखतं. पाय नितंबाच्या रेषेपर्यंतच.

व्यायामात १० पैकी ४ पर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते पूर्ववत व्हायला हवं. नाही झालं तर पाव भाग कमी करा, बंद नका करू. आणि बरं वाटतंय म्हणून त्याच दिवशी माळा आवरायला काढू नका, बायांनो! पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात ते त्यामुळेच.

एमआरआय कधीच नको असं मी म्हणत नाहीये. लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला, पाय लुळा पडू लागला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप, घटणारं वजन, पूर्वीचा कॅन्सर किंवा टीबी असेल तरीही डॉक्टरांकडे जायला उशीर नको.

बाहेर पडताना काकूंनी हळूच विचारलं, “आणि नातू?” खरं सांगते, राग तिथेच विरला.

बादली घ्या म्हटलं. ३ लिटर पाणी. कमरेतून पुढे झुका, गुडघे सैल, बादली अंगालगत, श्वास न कोंडता उचला. १० वेळा, एक दिवसाआड. दर आठवड्याला एक लिटर वाढवा. आठव्या आठवड्याला १० लिटर होतात. पोरगं आत्ताच साडेदहा किलोचं आहे आणि तोवर वाढणारच, म्हणून नववा आणि दहावा आठवडाही धरलाय.