लुसाकातली आमची बँक

आज ठाण्याला मुंजीला गेले होते. पंगतीत शेजारी एक गृहस्थ होते, गुंतवणूक सल्लागार. बोलता बोलता निघालं की माझे बाबा सेंट्रल बँकेत होते आणि तीन वर्षं झांबियाच्या राजधानीत, लुसाकाला, इंडो झांबिया बँकेत. वरणभात कालवतच ते म्हणाले, "आफ्रिकेतल्या असल्या भागीदाऱ्या म्हणजे सरकारी बँकांचा अडकलेला पैसा. विकून मोकळं व्हावं." यजमानांचा मान म्हणून गप्प बसले. घरी आले तरी डोकं तापलेलंच आहे.

अडकलेला पैसा? अहो, १९८४ साली ही बँक उभी राहिली तेव्हा तांब्यावर जगणाऱ्या त्या देशाचं कंबरडं मोडलेलं होतं, तांब्याचे भाव पडून दहा वर्षं होत आली होती. अशा वेळी बँक ऑफ बडोदा, बँक ऑफ इंडिया आणि सेंट्रल बँक, आपल्या तीन सरकारी बँका, प्रत्येकी २० टक्के घेऊन तिथे गेल्या आणि ४० टक्के झांबिया सरकारने घेतले. राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडांचा काळ तो.

आम्ही १९८८ ते ९१ लुसाकाला होतो, त्यातली ही गोष्ट, मी नऊ वर्षांची. शाळेला सुट्टी होती म्हणून बाबांबरोबर शाखेत गेले होते. एक बाई आली. बाजारात कापेंटा विकायची, म्हणजे आपल्या सुक्या मांदेलीसारखी बारीक मासळी. कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेच्या, म्हणजे तिथल्या छापील कापडाच्या, टोकाला पैशांची गाठ, इतकी घट्ट की तिने ती दातांनी सोडवली. आधी एका मोठ्या बँकेने तिला दारातूनच परत पाठवलं होतं. बाबांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, मासळीचा वास येणारी एकेक नोट हाताने सरळ केली आणि तिच्यासमोर दोनदा मोजली. खात्यावर अंगठा उमटला. बाबा तिला "अमाई" म्हणाले. न्यांजा भाषेत अमाई म्हणजे आई. मला किती मजा वाटली होती, आपलाच शब्द वाटला होता.

आता कुणी म्हणेल, काउंटरवर जास्त करून गुजराती व्यापारीच असायचे. असायचे, मी पाहिलेत. सरकार मालक असलं की कर्जासाठी वरून फोन येऊ शकतात, हेही मान्य. म्हणून बँकच विकायची?

जून १९९० मध्ये मक्याच्या पिठाचे भाव दुप्पट झाले आणि लुसाकात दंगल पेटली. आम्ही घरात कोंडलेले, आई खिडकीपाशीसुद्धा जाऊ देत नव्हती. मग शाखा उघडली त्या दिवशी तीच बाई आली. पैसे काढायला नव्हे, "आहेत ना?" एवढंच विचारायला. बाबांनी ते जाडजूड लेजर उचलून काउंटरवर तिच्याकडे तोंड करून ठेवलं आणि तिच्या नावाच्या ओळीवर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. तरी तिने त्या ओळीवरून स्वतःचं बोट फिरवलं आणि "झिकोमो, बाम्बो", म्हणजे "धन्यवाद, बाबा", म्हणून गेली. हे बाबांनी आम्हाला जेवताना सांगितलं, आणि पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

त्या सल्लागारांना १९९५ माहीत आहे का? मेरिडियन बियाओ बँक कोसळली. पाठोपाठ झांबियातल्या आणखी काही बँका बंद पडल्या. आम्ही तेव्हा डोंबिवलीला परतलो होतो. बातमी कळल्यावर बाबांनी पेपर खाली ठेवला आणि पहिलं वाक्य काय बोलले? "आपली उभी आहे ना, म्हणजे अमाईचे आहेत." महागाईने तिच्या क्वाचाची, म्हणजे तिथल्या चलनाची, किंमत कधीच खाऊन टाकली असणार, हे बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला मी सांगायला नको होतं. पुढे २०१३ मध्ये तर त्या देशाने नोटांवरची तीन शून्यंच काढली. पण बँकेचं दार उघडं असणं आणि दाराला कुलूप असणं यात फरक आहे की नाही?

आपण इथे परदेशी भांडवल म्हटलं की मुठी आवळतो. मीही आवळते. लुसाकात ते परदेशी भांडवल आपण होतो, हे बाबा कधी विसरले नाहीत. म्हणायचे, "घर त्यांचं आहे. त्यांचे ४० टक्के आहेत म्हणून आपल्याला चार शब्द ऐकावे लागतात, आणि ते ऐकलेच पाहिजेत." आपले ६० आहेत म्हणून मालकीचा तोरा त्यांनी घरीसुद्धा दाखवला नाही. मला तरी त्या भागीदारीचा अर्थ एवढाच कळतो. एकाला दुसऱ्याला विचारावं लागत होतं.

लिहिता लिहिता राग उतरला. त्या गृहस्थांनी ती बाई पाहिलेली नाही, त्यांचा काय दोष. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, नाहीतर त्यांनाच फोन लावून दिला असता.

१९८८ ते ९१ दरम्यान लुसाकाला असलेल्या बँकेच्या मंडळींपैकी कुणी, किंवा त्यांची मुलं, हे वाचत असतील तर इनबॉक्समध्ये या. दिवाळीला सगळ्या स्टाफचा शाखेच्या पायऱ्यांवर एक फोटो काढला होता. आमची प्रत पावसात भिजली, बाबांचा चेहरा गेला त्यातला.