दहा शिंगं कशी मोजावीत

जगाचा अंत सांगायचा धंदा काढायचं मनात असेल तर बिनघोर काढा, भांडवल जवळजवळ लागत नाही. एक बायबल, भिंतीवर लावायला युरोपचा नकाशा आणि एक खोडरबर. खोडरबर मात्र चांगला बघून घ्या. तिन्हींत सगळ्यात जास्त तोच झिजणार आहे.

बायबल अख्खं वाचायची गरज नाही. जुन्या करारातलं दानीएल आणि नव्या करारातलं शेवटचं प्रकटीकरण, एवढी दोन पुस्तकं पुरतात. उरलेल्या चौसष्टांत शेजाऱ्यावर प्रीती करा, विधवेला छळू नका असला मजकूर बराच आहे. त्याला गर्दी जमत नाही. आपल्याला हवंय ते श्वापद, जगाच्या अंताआधी उठणारी दुष्ट सत्ता. दानीएलच्या 7व्या अध्यायात त्याला दहा शिंगं आहेत. प्रकटीकरणाच्या 13व्या अध्यायात ते समुद्रातून वर येतं, तेव्हा दहा शिंगांच्या जोडीला सात डोकीही असतात. दहा शिंगं म्हणजे दहा राजे, असं मजकूरच सांगतो. दहा देशांचा संघ शोधायचा, की तुमचं काम फत्ते.

सभेत एखादा अभ्यासू उठून म्हणेल की हे पुस्तक पात्म बेटावर, रोमन साम्राज्याच्या धाकात लिहिलंय. सात डोकी म्हणजे सात टेकड्या असं तिथंच म्हटलंय आणि तेव्हाच्या वाचकाला सात टेकड्यांचं शहर कुठलं हे सांगावं लागत नव्हतं. तो पुढे असंही म्हणेल की ‘नेरोन कैसर’, म्हणजे रोमचा सम्राट नेरो, हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून प्रत्येक अक्षराच्या ठरलेल्या अंकाची बेरीज केली की 666 येते, आणि प्रकटीकरणात श्वापदाचा आकडा तोच आहे. काही जुन्या हस्तलिखितांत 616 आहे, कारण लॅटिन वळणाने ‘नेरो’ लिहिलं की शेवटचा न गळतो आणि त्याचे 50 कमी होतात. माणूस बरोबर बोलतोय. म्हणूनच त्याला पुढच्या सभेला बोलावू नका.

आता मोजणीकडे. सुरुवात 25 मार्च 1957 पासून करा. त्या दिवशी युरोपच्या आर्थिक समुदायाच्या, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वजाच्या, करारावर सह्या झाल्या. कुठे, तर रोममध्ये, तेही कॅपिटोलाइन टेकडीवर, म्हणजे त्या सातांपैकीच एकीवर! इथे जरा थांबा. श्रोत्यांना शहारे येऊ द्या. सह्या करणारे देश सहाच होते, ते मात्र हळू आवाजात सांगा.

1970 साल फार सोयीचं होतं. सहा देश आत आणि चार दाराशी : ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क, नॉर्वे. सहा अधिक चार किती, हे पहिलीतलं पोर सांगेल. हॅल लिंडसी या अमेरिकी लेखकाचं पुस्तक त्याच साली आलं. दहा राजांचं राज्य म्हणजे हाच ‘कॉमन मार्केट’ असणार, हा त्याचा अंदाज, आणि पुस्तकाचा खप कोटींच्या घरात गेला. पण 1972च्या सप्टेंबरात नॉर्वेत सार्वमत झालं आणि लोकांनी ‘नको’ म्हटलं. तिथल्या कोळ्यांना आपल्या मासेमारीच्या पाण्याची काळजी, शेतकऱ्यांना दुधाच्या भावाची. आपल्यापायी श्वापदाचं एक शिंग अडलंय, हे त्यांना कोणी सांगितलंच नसावं. नऊवर घोडं अडलं.

मग 1 जानेवारी 1981 ला ग्रीस आत आला. दहा! आणि दहावा कोण, तर ज्याच्या हद्दीत पात्म बेट आहे तोच. ज्या बेटावरून श्वापद दिसलं त्याच बेटाने श्वापद पुरं केलं. असा योग पंचांगवाल्यांनाही जमवता येत नाही. या व्यवसायातला हा सुवर्णकाळ, आणि तो बरोबर पाच वर्षं टिकला. 1 जानेवारी 1986 ला स्पेन आणि पोर्तुगाल आले, शिंगं झाली बारा. बारा शिंगांच्या जनावराला आपल्याकडे बारशिंगा म्हणतात. ते कान्हाच्या जंगलात गवत खातं आणि माणूस दिसला की पळतं.

पुढे 15, मग 25, 27, 28 आणि ब्रिटन गेल्यावर पुन्हा 27. घाबरू नका, वाटा आहेत. ‘वेस्टर्न युरोपियन युनियन’ नावाची संरक्षणाची एक वेगळी संघटना होती. 1995 मध्ये तिचे पूर्ण सभासद नेमके दहा झाले आणि पुष्कळ मंडळी आपलं बिऱ्हाड उचलून तिकडे राहायला गेली. 2011 मध्ये ती संघटनाच गुंडाळली. तरी पंधरा-सोळा वर्षं निघाली की! भाड्याच्या घरात आणखी काय हवं.

शिंगं अगदीच जुळेनात तर सजावटीकडे वळा. ग्रीसच्या दोन युरोच्या नाण्यावर बैलावर बसलेली युरोपा आहे, प्रकटीकरणाच्या 17व्या अध्यायात श्वापदावर बसलेली बाई आहे. बैल आणि श्वापद यांतला फरक विचारणाऱ्याला नास्तिक म्हणा. स्ट्रासबर्गच्या युरोपीय संसदेचा मनोरा बायबलमधल्या अपुऱ्या राहिलेल्या बाबेलच्या बुरुजासारखा अर्धवट दिसतो, तोही उपयोगी.

या संसदेवरून आठवलं. आदर्शच ठेवायचा तर उत्तर आयर्लंडचे कडवे प्रोटेस्टंट धर्मोपदेशक आणि पुढारी इयान पेस्ली यांचा ठेवा. 11 ऑक्टोबर 1988 ला पोप दुसरे जॉन पॉल तिथे भाषणाला उभे राहिले, आणि पेस्लींनी लाल फलक उंचावून त्यांना भर सभेत ख्रिस्तविरोधक, म्हणजे जगाच्या अंताआधी येणारा ख्रिस्ताचा शत्रू, म्हणून धिक्कारलं. तो फलक हिसकावणाऱ्यांत कोण होतं? ओटो फॉन हाब्सबुर्ग, ऑस्ट्रियाच्या शेवटच्या सम्राटाचा मुलगा. पोप, मुकुट गेलेला युवराज आणि संदेष्टा, तिघे एका छपराखाली. प्रकटीकरण लिहिणाऱ्यालाही एका दृश्यात इतकी पात्रं कोंबायला संकोच वाटला असता. पेस्लींना बाहेर काढलं. पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे : ते त्याच संसदेचे निवडून आलेले सभासद होते, 1979 पासून 2004 पर्यंत. श्वापदाच्या पोटात पंचवीस वर्षं बसून त्याच्याविरुद्ध बोलायचं. याला म्हणतात निष्ठा.

तारीख मात्र कधी देऊ नका. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 धरली; कित्येकांनी उभी पिकं शेतात सोडली आणि 23 तारखेला सकाळी नेहमीसारखं उजाडलं. हॅरल्ड कॅम्पिंगने 21 मे 2011 सांगितली, ती हुकल्यावर 21 ऑक्टोबर. तो दिवस नि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, असं खुद्द येशू मत्तयाच्या 24व्या अध्यायात म्हणतो. पण ते पान आपल्या दोन पुस्तकांत येत नाही, तेव्हा तुमचा दोष नाही. शिंगांचं मात्र तसं नाही. देश येतात-जातात, तारखेसारखे उलटून जात नाहीत.

आणि निराश तर मुळीच होऊ नका. नकाशा पुन्हा काढा. सध्या युरोपीय संघाच्या दाराशी अधिकृत उमेदवार म्हणून कोण कोण उभे आहेत ते बोटांवर मोजा : तुर्कस्तान, सर्बिया, माँटेनेग्रो, उत्तर मॅसेडोनिया, अल्बानिया, बोस्निया, युक्रेन, मोल्दोव्हा, जॉर्जिया. नऊ झाले. एक बोट उरलं? कोसोव्होनेही 2022 मध्ये अर्ज दिलाय. आता प्रकटीकरणाचा 17वा अध्याय उघडा आणि 12वं वचन बघा. दहा शिंगं म्हणजे असे दहा राजे, ज्यांना अजून राज्य मिळालेलं नाही.

सभागृहाचं भाडं आगाऊ भरून ठेवा.